शांत म्हणावं

“विझला म्हणू नये, वैजू. शांत झाला म्हणावं.”

आईचा हा आवाज माझ्या कानात अजून तसाच आहे. मी सहा-सात वर्षांची असेन. देवापुढचं निरांजन वाऱ्यानं गेलं आणि मी “आई, दिवा विझला!” म्हणून ओरडले. आई रागावली नाही. तिचं रागावणं म्हणजे आवाज आणखी हळू करणं. आमच्या घरात बांगडी फुटत नसे, वाढत असे. घरातून कुणी ‘जाते’ म्हणत नसे, ‘येते’ म्हणत असे. वाईट शब्द तोंडातून निघाला की तो घरात राहायला येतो, असं तिचं साधं मानणं होतं. मीही ते मानलं, निभावलं, आणि कधी तपासून पाहिलं नाही.

पंचेचाळीस वर्षांनी याच वाक्यानं मी एका यंत्राला खोटं शिकवलं. त्याची हकिकत लिहून ठेवते आहे.

कराडच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. परिमल खटावकर माझा जुना विद्यार्थी. निबंधात काठावर पास आणि गणितात पैकीच्या पैकी, असा. अडीच वर्षांपूर्वी तो शाळेत आला, वाकून नमस्कार केला आणि खिशातून बोटभर रुंदीची मऊ पट्टी काढून माझ्या कपाळावर चिकटवली.

“डोळे मिटा, बाई. सकाळी करता तो जप करा. तेवढाच, जास्त नको.”

मी एक माळ केली. डोळे उघडले तर त्याच्या हातातल्या पाटीच्या पडद्यावर रंग पिवळ्याचा हिरवा झाला होता; पट्टीवरही तोच रंग उमटतो.

“बघा! तुम्ही शांत झालात ते या पट्टीला कळलं. मुलांचंही असंच कळायला हवं ना?”

त्याच वर्षी सरकारनं प्रत्येक माध्यमिक शाळेत वीस मिनिटांचा ‘स्वस्थ तास’ सक्तीचा केला होता. मुलांनी ताठ बसायचं, श्वासाकडे बघायचं, मनात येईल ते येऊ द्यायचं आणि जाऊ द्यायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं मन किती लवकर मोडतं याच्या बातम्या तेव्हा दर आठवड्याला येत होत्या, आणि मोठी माणसं घाबरली होती. आमच्या शाळेत हा तास माझ्याकडे आला. कारण उघड होतं. मुख्याध्यापक नाईकनवरे सर म्हणाले, “लोकरेबाई, सोमवारी तुम्ही दुपारपर्यंत मौन पाळता, चार तास फळ्यावर लिहून घेता आणि तरी वर्ग गप्प असतो. आणखी कोण शिकवणार हे?” मला आनंद झाला. माझा घरातला नेम पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडणार होता.

पण डोळे मिटून बसलेल्या चाळीस मुलांत खरंच स्वस्थ कोण आणि परीक्षेचं गणित घोकणारं कोण, हे ओळखायचं कसं? त्यासाठी परिमलची पट्टी होती.

त्यानं मला समजावलं ते असं. आपला श्वास आत येतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित जवळ येतात, श्वास बाहेर जातो तेव्हा ते किंचित लांबतात. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी एक लांब नस हा झोका देत असते. माणूस घाबरला, चिडला की झोका मोडतो, नाडी पळते, कातडीवर न दिसणारा घाम येतो. माणूस निवला की नाडी मंदावते, घाम सुकतो, झोका परत येतो. पट्टी हे सगळं मोजते. पण मोजलेल्या आकड्याला नाव कोण देणार? ते माणसानंच द्यावं लागतं. हजार वेळा दाखवावं लागतं की ही नाडी म्हणजे राग, ही म्हणजे उदासी. मग यंत्र आपलं आपण ओळखायला लागतं.

“बाहेरच्या पट्ट्या बाहेरच्या मुलांवर शिकल्यात, बाई,” परिमल म्हणाला. “आपली पोरं ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणतात का कधी? ती म्हणतात, कशात जीव लागत नाही. डोकं जड झालंय. मला पट्टीला मराठी शिकवायचंय. ते तुमच्याशिवाय कोण करणार?”

बारा आठवडे आम्ही ते केलं. दोनशे बारा मुलं. माझ्या मौनाचा सोमवार सोडून रोज तास संपला की एकेकाला मी समोर बसवायची आणि विचारायची, “आत्ता कसं वाटतंय?” मूल सांगायचं, परिमलचं यंत्र आवाज टिपून घ्यायचं, आणि मी पाचांपैकी एका खान्यावर बोट ठेवायची. अस्वस्थ, चिडलेलं, उदास, कंटाळलेलं, शांत.

मुलं मजेदार बोलायची. एकानं सांगितलं, “बाई, डोक्यात शेजाऱ्यांचा टीव्ही चालू आहे.” दुसरा म्हणाला, “पट्टी आमच्या झोपलेल्या कुत्र्याला लावली, हिरवी आली. त्याला स्वस्थ तासाला पहिला नंबर द्या.” सगळा वर्ग हसला. मीही हसले.

शेवटी परिमलनं माहितीचा नकाशा माझ्यापुढे धरला. प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका.

“शांतचे दोन ढीग पडलेत, बाई. मध्ये फट आहे. हा मोठा ढीग नेहमीचा. हा बाजूचा छोटा वेगळाच आहे. नाडी अगदी मंद, घाम नाही, हालचाल नाही. झोकासुद्धा जवळजवळ थांबलेला. पण खाना तुम्ही शांतचाच दिलाय. ही मुलं जास्त शांत आहेत का?”

त्यानं त्या मुलांच्या झोक्याच्या सपाट रेषा उघडल्या, मी बघत राहिले. तीस वर्षं मी पहाटे उठून बसते. माझी रेष कधी इतकी सपाट झाली नव्हती. मला त्या मुलांचा हेवा वाटला, हे कबूल करते.

“असं मला अजून साधलं नाही,” मी म्हणाले. “हे खोलवरचं असेल.”

परिमलनं त्या छोट्या ढिगाला निळा रंग दिला आणि हिरव्याच्या वर ठेवला. नाव दिलं, गहन शांती.

शर्वी कुंभोजकर पहिल्या दिवसापासून निळी होती.

तेव्हा ती आठवीत होती, आता दहावीत. सावळी, दोन घट्ट वेण्या, अक्षर छापल्यासारखं. तिचे वडील आठवीच्या आदल्याच वर्षी घर सोडून गेले होते. आई रेणुका सरकारी दवाखान्यात परिचारिका, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. शर्वी स्वयंपाक करायची, अभ्यास करायची, कुणाशी भांडायची नाही. मी तिला पुढे बसवायला लागले. पाहुणे आले की तीच नमुना. मुलं तिला ‘निळूबाई’ म्हणायची. एकदा मधल्या सुट्टीत कुणीतरी तिच्या पाठीत खडू मारला आणि म्हणालं, “ए निळूबाई, रागाव तरी की गं!” ती वळली, खडू उचलला, फळ्याच्या कडेला ठेवला. मी ते पाहिलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, “बघा, याला म्हणतात मन ताब्यात असणं.”

पट्टी सहा हजार शाळांत जायची ठरली. उद्घाटन आमच्याच शाळेत, एका सोमवारी. त्याआधीच्या गुरुवारी मोहोळ उठलं.

अकराचा सुमार. दहावी ब मैदानाच्या कडेला सतरंजीवर डोळे मिटून बसली होती. पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ होतं, ते काढायचं काढायचं म्हणून राहून गेलं होतं. कुणी दगड मारला की घारीनं चोच मारली, देव जाणे. आधी आवाज आला, मग कुणीतरी किंचाळलं. मी ओरडले, “डोकं झाका, हॉलमध्ये पळा!” पदर डोक्यावर घेऊन मी मुलांना आत लोटत होते. दारं लावली. मोजली. एक्केचाळीसांतली चाळीस होती.

खिडकीतून दिसलं. सतरंजीवर शर्वी बसलेली. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले. मानेवर, गालावर, कोपरापर्यंत माश्या. कपाळावरची पट्टी निळी.

मी दाराकडे धावले. माझ्याआधी शिपाई मारुतीमामा ओलं पोतं अंगावर घेऊन बाहेर गेले होते. त्यांनी तिला उचलून आणलं. तिनं हूं की चूं केलं नाही. त्रेपन्न काटे निघाले. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती.

आता लिहायला लाज वाटते, पण लिहायला हवं. त्या दुपारी शिक्षकांच्या फोनवरच्या गटावर नाईकनवरे सरांनी शर्वीच्या पट्टीचा शांतीचा आकडा टाकला. माश्या चावत असतानाचा. शंभरात शहाण्णव. खाली लिहिलं होतं, “ही आपल्या उपक्रमाची ताकद.” खाली सगळ्यांचे जोडलेले हात. त्यांत माझेही होते.

रविवारी शर्वीला साध्या वॉर्डात आणलं. मी देवाचा अंगारा घेऊन गेले. तिचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. रेणुका गणवेशातच पायाशी बसली होती.

“घरी पण असंच हो, बाई,” ती म्हणाली. “हिचा काही त्रासच नाही. हे गेले तेव्हा रडलीसुद्धा नाही. मला वाटायचं, चला, देवानं एवढं तरी सोपं ठेवलंय.” आणि ती चहा आणायला उठून गेली.

मी अंगारा लावायला हात पुढे केला. शर्वीनं मान किंचित बाजूला घेतली. इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

“बाळ, पळाली का नाहीस? एवढं ध्यान लागलं होतं का?”

“ध्यान नाही, बाई.” ओठ सुजल्यामुळे शब्द जाड येत होते. “चावतायत हे कळत होतं. पण कुणाला चावतायत ते कळत नव्हतं.”

“म्हणजे?”

“असंच असतं ना माझं. तुम्हाला सांगितलं होतं की मी. आठवीत. तुम्ही म्हणालात, असं बोलू नये.”

मला काही आठवेना. ती छताकडे बघत होती. मी विचारलं, “काय सांगितलं होतंस?” ती म्हणाली, “जाऊ दे.”

दवाखान्यातून मी तशीच शाळेत गेले. परिमल संगणकाच्या खोलीत उद्याच्या कार्यक्रमाच्या तारा जोडत होता. मी म्हणाले, मला आठवीतले आवाज ऐकव. शर्वीचे.

“आत्ता? बाई, मांडववाले आलेत…”

“आत्ता.”

त्यानं शोधून लावलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग माझाच आवाज, “कसं वाटतंय?” मग बारीक, आठवीतली शर्वी. “बाई, आत काहीतरी विझल्यासारखं वाटतं.”

आणि मग मी. मऊ, प्रेमळ, जराही राग नसलेली. “विझलं म्हणू नये, बाळ. शांत झालं म्हणावं.”

मग ती. “बरं बाई. शांत झालंय.”

आणि खान्यावर बोट पडल्याचा टक असा आवाज.

परिमल माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, “माझं हे ‘म्हणू नये’ आणखी कुठेकुठे आहे ते काढ.” यंत्राला ते काढायला अर्धं मिनिट लागलं. एकतीस मुलं. कुणी म्हणालेलं, विझल्यासारखं. कुणी, लाइट गेल्यासारखं. एक मुलगा अडखळत, “वि… विझलंय बाई, सगळं.” एकतीस वेळा मी तेच, त्याच मायेनं सांगितलं होतं. आणि ती मुलं शहाणी, बाईंचं ऐकणारी. पुढच्या खेपेपासून ती आपणहून म्हणायला लागली होती, शांत.

छोटा ढीग तो होता.

माणूस फार सोसतो तेव्हा शरीर एक शेवटचा उपाय करतं. सगळं मंद करून टाकतं. नाडी मंद, घाम नाही, दुखणं दूर कुठेतरी. बाहेरून ते स्वस्थतेसारखंच दिसतं. फरक असतो तो श्वासाबरोबर हलणाऱ्या त्या झोक्याचा. स्वस्थ माणसाचा झोका मोठा असतो, गोठलेल्याचा थांबलेला. परिमलच्या यंत्राला तो फरक दिसला होता. त्यानं आम्हाला फट दाखवली होती. मी त्या फटीवर एक शुभ शब्द ठेवला, आणि परिमलनं त्याला सगळ्यांत वरचा क्रमांक दिला. आता सहा हजार शाळांत जे मूल सर्वांत गोठलेलं असेल, त्याच्या कपाळावर बक्षिसाचा रंग लागणार होता आणि त्याच्याकडे कुणी वळूनही बघणार नव्हतं.

“थांबव हे,” मी म्हणाले.

“बाई, उद्या मंत्री येतायत.”

“येऊ देत. त्यांना सांगू.”

“काय सांगू? आमच्या मराठीच्या बाईंना विझला म्हणायचं नव्हतं?” तो हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. “असं करतो. आज बसून निळा काढून टाकतो. सगळं हिरवं करतो. पुढच्या आवृत्तीत नीट वेगळं काढू.”

“हिरवा म्हणजे तरी शांतच ना रे?”

तो खुर्चीत बसला. मग हळूच म्हणाला, “मी तुम्हाला विचारलं होतं. तुमच्या एका शब्दावर मी दोन वर्षं उभी केली. आता तुमच्याच शब्दावर पाडू?”

“हो.”

“तेव्हा तुम्हाला खात्री होती.”

“होती. तेच चुकलं माझं.”

त्यानं तारा पुन्हा हातात घेतल्या. मी मान खाली घालून उभी राहिले. शाळेत असताना निबंधावर मी लाल शाईनं काही लिहिलं की तो असाच मान खाली घालून उभा राहायचा. त्या दिवशी आमच्या जागा बदलल्या होत्या.

सोमवारी माझं मौन असतं. तेवीस वर्षांत मी ते एकदाही मोडलं नव्हतं, वडील गेले त्या दिवशीही नाही. कार्यक्रमात मी बोलणार नाही, नुसती मुलांना बसवून दाखवणार असं ठरलेलं होतं. मी उठले, माइकपुढे गेले आणि बोलले. पट्टी चुकीचं शिकली आहे, चूक माझी आहे, निळ्या मुलांना आधी जवळ घ्या, त्यांची वाहवा करू नका, आणि तोवर ही पट्टी वाटू नका, इतकंच.

माझा आवाज मुळात लहान. मागं मांडवाच्या कनातीचा फडफडाट चालू होता. पुढच्या रांगांना जे ऐकू आलं ते त्यांना फार आवडलं. टाळ्या झाल्या. मंत्री म्हणाले, “इतकं काम करून दोष स्वतःकडे घेणारे शिक्षक आज कुठे मिळतात!” नाईकनवरे सरांनी मला शाल दिली. मी ती खुर्चीवर ठेवली, तर सरांनी ती माझ्या पिशवीत घालून दिली. परिमल पडद्याआड उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

पट्ट्या गेल्या. मी शिक्षण खात्याला तीन पत्रं लिहिली, सोबत ध्वनिमुद्रणाचं टिपण जोडलं. एकाला उत्तर आलं, आपल्या सूचनेचा पुढील वर्षीच्या सुधारित आवृत्तीत विचार करण्यात येईल. स्वस्थ तास मी सोडला. परिमलचा फोन येत नाही. मी केला तर तो दोन वाक्यं बोलतो, तब्येत विचारतो आणि ठेवतो. मला त्याचा राग येत नाही. त्याला माझा यावा, हेच ठीक आहे.

महिन्याभरानं मी शर्वीच्या घरी गेले. रेणुकानं तिला साताऱ्याच्या एका डॉक्टरबाईंकडे न्यायला सुरुवात केली होती, दर शनिवारी. शर्वी स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. हातावर काळे डाग राहिले होते.

“बाई, तुमच्याशी बोलायचं नाहीये मला,” ती म्हणाली. रेणुका दचकली. “अगं, असं बोलतात का?” मी तिला हातानं थांबवलं. शर्वीचा आवाज कापत होता आणि तो मला फार बरा वाटला.

“मी माफी मागायला आले.”

“तेच नको. तुम्ही माफी मागितली की मला ‘असू दे बाई’ म्हणावं लागतं. मग तुम्हाला बरं वाटतं. परत मीच सगळ्यांना बरं वाटवायचं.” तिनं लसणाची पाकळी जोरात ताटलीत टाकली. “मी सांगितलं होतं तुम्हाला. एकदाच सांगितलं होतं, आणि कुणालाच नाही सांगितलं नंतर. आईलासुद्धा नाही.”

रेणुका भिंतीला टेकून तोंडाला पदर लावून उभी होती. कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. तिनं गॅस बंद केला.

मग शर्वीनं विचारलं, “आणखी किती होते माझ्यासारखे?”

“तीस.”

“कुठे आहेत?”

“काही शाळेत आहेत. काही सोडून गेले. सार्थक घाडगे नावाचा एक होता, जरा अडखळायचा. नववीनंतर शाळा सोडून मामाकडे गेला, म्हसवडला. त्याचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही.”

“तुम्ही विचारलं नाही?”

“नाही.”

“मग त्याच्याकडे जा.” ती आता माझ्याकडे सरळ बघत होती. “सगळ्यांकडे जा. पण पट्टी नेऊ नका. अंगारा नको. श्वास घे, सोड, काही शिकवू नका. नुसतं विचारा, आणि तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दात लिहून घ्या. वाईट असलं तरी. शब्द बदलायचा नाही.”

“नाही बदलणार.”

“देवाची शपथ नका घेऊ. नुसतं सांगा.”

“नाही बदलणार, शर्वी.”

तिनं लसणाची ताटली आईकडे सरकवली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. मला निरोप दिला नाही.

मी घरी येऊन जुन्या हजेरीतून उरलेली तीस नावं उतरवून काढली. आठ मुलं अजून शाळेत आहेत, त्यांच्या घरी मी मुख्याध्यापकांना न विचारता जाणार आहे. बाकीच्यांचे पत्ते लागतील तसे शोधायचे. सार्थकच्या मामांचा नंबर मारुतीमामांच्या ओळखीतून मिळाला. फोनवर मामा म्हणाले, “पोरगं आहे इथंच. बोलत नाही कुणाशी. त्रास काही नाही तसा त्याचा.” मी म्हणाले, मी बुधवारी येते.

आज बुधवार. मी एक कोरी वही घेतली, दोन पेनं घेतली, दार ओढून घेतलं. स्टँडवर म्हसवडची गाडी लागलेली होती. खिडकीजवळची जागा मिळाली. वही मांडीवर ठेवली आणि पहिल्या पानावर वर फक्त त्याचं नाव लिहिलं. खालचं पान त्याच्यासाठी मोकळं ठेवलं. कंडक्टरनं दोरी ओढली आणि गाडी हलली.